विषय: ११ नोव्हेंबरला फंडरेझर ठेवावा का?

नमस्कार मंडळी,
व्हेटरन्स डेला सकाळी आपण माजी सैनिकांचा सत्कार करतोय. चहानंतर त्याच हॉलमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) एका उमेदवारासाठी निधी गोळा करावा, अशी सूचना आली आहे. तेही माजी सैनिकच. हॉल दिवसभर आपलाच आहे. हरकत?
– कार्यक्रम समिती

उत्तर: कोषाध्यक्ष
हरकत आहे, आणि ती ११ तारखेपुरती नाही. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे. १९५४ पासून अशा संस्थांना उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात काहीही करायला मनाई आहे. हॉल, माईक, चहा, ही मेलिंग लिस्टसुद्धा फुकट दिली की ती देणगीच ठरते. करमाफी जाऊ शकते, वर त्या खर्चावर १० टक्के एक्साइज कर. उमेदवारांना हॉल हवाच असेल, तर त्यांनी मालकाकडून थेट, दुसऱ्या वेळेसाठी भाड्याने घ्यावा. सत्कार माजी सैनिक म्हणून खुशाल करा. पण निवेदनात उमेदवारीचा उल्लेख नको आणि दाराशी देणगीचा क्यूआर कोडही नको.

शिवाय घाई कसली? सार्वत्रिक निवडणूक २ ते ८ नोव्हेंबरमधल्या मंगळवारी होते. ११ तारखेला मतदान उरकलेलं असतं. जॉर्जियासारखा रनऑफ (आघाडीच्या दोघांत पुन्हा मतदान) असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पैसे बहुधा मोहिमेचं कर्ज फेडायला जातात, आणि त्यांना माणशी देणगीची मर्यादा सरलेल्या निवडणुकीचीच लागते. आधीच कमाल रक्कम दिली असेल, तर पुन्हा देता येत नाही.

उत्तर: एक सभासद
मग घरी ठेवतो. शोकाचा दिवस मेमोरियल डे. हा तर हयात सैनिकांचा. या दिवशी गाद्यांचे सेल लागतात, मग फंडरेझरनेच काय बिघडतं?

उत्तर: कोषाध्यक्ष
कायद्याने काहीच नाही. घरच्या खाण्यापिण्यावर आणि निमंत्रणांवर एका उमेदवारामागे, एका निवडणुकीला १,००० डॉलरपर्यंतचा खर्च देणगीत धरत नाहीत.

आपल्याकडे घोळ होतो तो व्हिसाचा. देणगी देऊ शकतात नागरिक आणि ग्रीनकार्डधारक. एच-१बी, एल-१ (नोकरीचे) किंवा एफ-१ (शिक्षणाच्या) व्हिसावर असलेले आणि भेटीला आलेले आई-बाबा नाही. शहराच्या निवडणुकीतही नाही. इथे जन्मलेल्या मुलाच्या नावाने बापाने पैसे भरणं हाही गुन्हाच. रोख १०० डॉलरच्या वर घेऊ नका. एकूण २०० डॉलरच्या वर गेलं की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण जाहीर यादीत येतं, हे देणाऱ्याला आधीच सांगा. फेडरल नोकरीतल्यांनी सुट्टीच्या दिवशीही वर्गणी मागायची नाही. सेवेत असलेल्या सैनिकांनाही मनाई आहे.

औचित्याचं म्हणाल, तर भारतात ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो, पण तो सैनिकांसाठी. सकाळी ज्यांना शाल दिली त्यांच्याच फोटोवर संध्याकाळी उमेदवारासाठी पैसे मागणं मला पटत नाही. गादीवाला निदान गादी तरी देतो. तारीख आठवडाभर पुढे ढकला, निमंत्रण स्वतःच्या मेलवरून पाठवा, आणि त्यावर मंडळाचा लोगो नको.