स्वतःच्याच नावासाठी गूगलला पैसे का मोजायचे?

ओसरी:
परवा 'नाक्यावरचा' यांनी लिहिलं, की स्पर्धकाच्या नावावर गूगलची जाहिरात लावणं म्हणजे त्याच्या दुकानासमोर आपली वडापावची गाडी लावणं. त्यात रडण्यासारखं काय? उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

गाडी लावा हो समोर. पण एसटीतून उतरून माझ्या घराचा पत्ता विचारणाऱ्याला एक माणूस हाताला धरून तुमच्या गाडीवर नेतो, आणि दर गिऱ्हाइकामागे तुमच्याकडून पैसे घेतो. त्याला काय म्हणायचं?

गुहागरजवळ आमचं पाच खोल्यांचं घरगुती निवास आहे. नाव सासूबाईंचं. साडेचार हजार फी भरून ट्रेडमार्क नोंदवलाय. एका मोठ्या बुकिंग पोर्टलवर दोन वर्षं होतो, कमिशन परवडेना म्हणून बाहेर पडलो. तरी आमचं नाव टाकलं की सगळ्यात वर त्यांचीच जाहिरात. मे महिन्यात रात्री नऊला पुण्याचं एक कुटुंब सामानासकट दारात. "बुकिंग केलंय, पैसे भरलेत." पावती बघितली तर खोली बारा किलोमीटरवरच्या कुठल्याशा लॉजची. मुलं पेंगुळलेली. आमच्याकडे एकही खोली रिकामी नव्हती, पिठलं-भात खायला घालून पाठवलं. ही निकोप स्पर्धा?

नाक्यावरचा:
पिठलं-भाताबद्दल आदर, बाकी गल्लत. जाहिरातीच्या मजकुरात तुमचं नाव होतं का? असेल तर गूगलकडे तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरा. नुसतं कीवर्ड म्हणून, म्हणजे कुठल्या शोधावर जाहिरात दाखवायची ते गूगलला सांगणारा शब्द म्हणून लावलं असेल, तर ते कुणाला दिसतच नाही. कदाचित लावलंही नसेल. 'ब्रॉड मॅच'वर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांवरही दाखवा असं सांगून, 'गुहागर होमस्टे' एवढंच ठेवलं तरी तुमच्या नावाच्या शोधात जाहिरात येऊ शकते. मी रोज हेच काम करतो, ओसरीताई. स्वतःच्या नावावर स्वतःच जाहिरात लावा. साइट तुमची, म्हणजे क्वालिटी स्कोअर (जाहिरात शोधाशी किती जुळते याचे गूगलचे गुण) चांगला, क्लिक स्वस्त. महिन्याला पाचशे-सातशेत विषय संपला.

ओसरी:
पाचशे कशाचे? माझ्या दारावरची पाटी मलाच भाड्याने? बेसकॅम्प या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या जेसन फ्रीडने २०१९ मध्ये स्वतःच्या नावावर जाहिरात लावून तीतच लिहिलं होतं, की आम्हाला ही जाहिरात द्यायची नव्हती. त्याने याला खंडणी म्हटलं. मी सभ्य आहे, म्हणून भाडं म्हणते.

काळाकोट:
'दिसत नाही, म्हणून वापर नाही' हे गूगलचंच म्हणणं होतं आणि दिल्ली उच्च न्यायालयात ते टिकलं नाही. सामान हलवणाऱ्या अगरवाल पॅकर्सचं प्रकरण, खंडपीठ, १० ऑगस्ट २०२३. कीवर्ड म्हणून लावणं हाही वापरच, आणि गूगल या व्यवहारात नुसतं पोस्टमन नाही. ट्रेडमार्कचं उल्लंघन ठरलं तर 'मजकूर दुसऱ्याचा, आम्ही जबाबदार नाही' ही आयटी कायद्याच्या कलम ७९ ची ढालही जाते. आता नाक्यावरचा खूश होतील असा भाग: नुसता वापर म्हणजे उल्लंघन नव्हे. गिऱ्हाइकाचा गोंधळ उडायला हवा.

ओसरी:
रात्री नऊला माझ्या अंगणात उभा होता की गोंधळ, बॅगांसकट.

काळाकोट:
त्याचा स्क्रीनशॉट घेतलात? पावतीची प्रत? नाही ना. सगळे इथेच मार खातात. शिवाय त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये, मेकमायट्रिपच्या नावावर बुकिंग डॉट कॉमची जाहिरात दाखवायला घातलेली मनाई उठवली. बुकिंग डॉट कॉम स्वतःच इतकं प्रसिद्ध, की लोक फसणार नाहीत, असं धरलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

ओसरी:
म्हणजे गिऱ्हाईक पळवणारा जितका नावाजलेला, तितका निर्दोष! शेजारच्या गण्याने केलं तर गोंधळ, कंपनीने केलं तर स्पर्धा.

काळाकोट:
निकालात असं लिहिलेलं नाही. पण हो, वाचताना मलाही तसंच वाटलं. दाव्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे तुमच्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो.

थोरलीपाती:
थांबा. अगरवाल हे आडनाव ना? आडनावाचा ट्रेडमार्क देतातच कसा? आमच्या आजोबांनी १९५८ साली चिवड्याचं दुकान काढलं. चुलत्यांनी शंभर पावलांवर त्याच आडनावाने दुसरं थाटलं. आम्ही पाटी लावली, 'आमची कुठेही शाखा नाही'. आठ दिवसांत त्यांनीही तीच लावली! वकील म्हणाला, कलम ३५, स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला बंदी नाही. प्रामाणिकपणे!!

पेठकर:
मी त्याच पेठेत वाढलोय. थोरले गल्ल्यावर बसायचे, कढईपाशी धाकटे. मसाल्याचं प्रमाण कुणाचं ते अख्ख्या पेठेला ठाऊक आहे.

थोरलीपाती:
पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या आजोबांवर बोलायला अक्कल लागत नाही.

पेठकर:
पुरावा? दोन्हीकडचा चिवडा आणून खा. तुमच्याकडच्यात खोबऱ्याचे काप मोजून सात.

थोरलीपाती:
खोबरं महाग झालंय!

काळाकोट:
आडनावही वर्षानुवर्षं वापरून त्या मालाशी चिकटलं तर नोंदवता येतं. पण दोन्ही पात्यांनी साठ वर्षं वापरलं असेल तर कुणाला चिकटलं हे ठरवायला न्यायाधीशांना चिवडाच खावा लागेल.

नाक्यावरचा:
धागा चिवड्यावर गेलाच आहे, तर कबुली देऊन टाकतो. एका दंतवैद्यांसाठी मी समोरच्या दवाखान्याचं नाव लावलं होतं. आठवड्यात त्यांनी आमचं लावलं. चार महिने दोघांनी गूगलला पोसलं. शेवटी डॉक्टरच चहाला बसले आणि एकमेकांची नावं निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे 'या शोधावर आमची जाहिरात दाखवू नका' या यादीत टाकायचं ठरवलं. पेशंट होते तेवढेच राहिले. झालं समाधान, ओसरीताई? तरी गाडीचा मुद्दा मी सोडत नाही.

काळाकोट:
असले तह चारचौघांत सांगू नका. अमेरिकेत लेन्स विकणाऱ्या १-८०० कॉन्टॅक्ट्सने स्पर्धकांशी असेच करार केले, २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते स्पर्धा मारणारे म्हणून बेकायदा ठरवले. २०२१ मध्ये अपिलात सुटले, पण वकिलांची फी कुणी परत दिली नसेल.

नाक्यावरचा:
म्हणजे भांडलं तर गूगलचं पोट भरतं, मिटवलं तर तुमचं.

थोरलीपाती:
पेठकर, आमचं आडनाव आणि 'चिवडा' टाकून बघा. पहिलं दुकान कुणाचं येतं ते इथेच लिहा.

पेठकर:
टाकलं. तुमच्या आणि चुलत्यांच्याही वर इंदूरच्या कुणा नमकीनवाल्याची जाहिरात आहे.

नाक्यावरचा:
उगाच क्लिक करू नका, बिचाऱ्याचे पैसे जातात.

ओसरी:
मी तीनदा केलं.