कप्स अँड बॉल्स : शेवटी कपाखालून काय काढावं?

चौथा_चेंडू

नमस्कार मंडळी. कप्स अँड बॉल्स म्हणजे उलट्या ठेवलेल्या तीन कपांखाली छोटे चेंडू गायब-हजर करण्याचा जादूचा खेळ. त्याच्या फायनल लोडबद्दल, म्हणजे कपात गुपचूप भरून शेवटी कपाखालून काढायच्या मोठ्या वस्तूबद्दल, सल्ला हवा आहे. कप तांब्याचे, तोंडाचा आतला व्यास 7 सेंमी, उंची 8 सेंमी. चेंडू क्रोशाने विणलेले, लाल, 2.5 सेंमीचे. प्रयोग उभ्याने, टेबलावर, अंगात बिनबाह्यांचं जाकीट. प्रेक्षक म्हणजे सोसायटीचा गणपती, वाढदिवस, कधी साखरपुडा.

सध्या शेवटी तिन्ही कपांखालून लिंबं निघतात. पहिल्या लिंबाला छान दाद मिळते. दुसऱ्याला तेवढी नाही, आणि तिसरा कप उचलायच्या आधीच मुलं "लिंबू!" म्हणून ओरडतात. तीन वेगवेगळ्या वस्तू घ्याव्यात का? टेनिस बॉल बसेल का? खरी फळं बरी की सिलिकॉनची? शिवाय मोठी वस्तू घेतली की खिसा फुगतो, त्यावर काय करता?

हातचलाखी

आधी मापाचं बोलू. तिथे चुकलं तर पुढचं सगळं व्यर्थ.

कपाचं तोंड 7 सेंमी म्हणजे 7 सेंमीची वस्तू आत मावेल असं वाटतं, पण कप वर निमुळता होत जातो. गोल वस्तू टेबलावर ठेवली की तिचा सर्वांत रुंद भाग तिच्या निम्म्या उंचीवर असतो, आणि तिथे कप अरुंद झालेला असतो. तुमच्या कपाचा बंद बुडाकडचा व्यास 5.5 सेंमी धरला, तर टेबलापासून 3 सेंमीवर आतली रुंदी जेमतेम 6.4 सेंमी भरते. म्हणजे 6 सेंमीचं फळ मोकळेपणी बसेल, 6.5 सेंमीचं अडकेल. टेनिस बॉल नियमाने 6.54 ते 6.86 सेंमीचा असतो, वर त्याची लव तांब्याला घासून धरते. तो तुमच्या कपात बसणार नाही. बसवलात तर कप टेबलाला टेकणार नाही, आणि उचलताना बॉल कपासोबत वर येईल. प्रेक्षकांना रिकामं टेबल दिसेल.

दुसरी अडचण कपाच्या बुडाची. चेंडू ठेवायला बाहेरून जो खळगा असतो तो आत फुगवटा होऊन येतो आणि मधली उंची सेंटिमीटरभर खातो. लांबट लिंबू आत उभं राहिलं की त्याचं टोक तिथे टेकतं, कप एका बाजूने किंचित उचललेला राहतो आणि फटीतून पिवळा रंग दिसतो. पुढे जमिनीवर बसलेल्या मुलांचे डोळे बरोबर त्या उंचीवर असतात.

आकडेमोडीऐवजी कणीक वापरा. घट्ट कणकेचा तेलाचा हात लावलेला गोळा टेबलावर ठेवा, वरून कप दाबत टेबलाला टेकवा, मग गोळा अलगद काढून त्याची सर्वांत जास्त रुंदी मोजा. त्यातून 4 मिमी वजा करा. एवढं तुमच्या लोडचं कमाल माप. मग पुठ्ठ्यात त्या व्यासाचं भोक पाडा आणि मंडईत घेऊन जा. जे फळ भोकातून न दाबता जातं तेच घ्या.

माझं ठाम मत असं की वस्तू किती अनोखी आहे यापेक्षा तिने कप किती भरला हे महत्त्वाचं. कागदी लिंबू 4 ते 4.5 सेंमीचं. 7 सेंमीच्या कपाखाली ते दिसलं की मनात येतं, हे हातात लपलं असेल. 6 सेंमीचं फळ दिसलं की तसं वाटत नाही, कारण कपात जागाच उरलेली नसते. तुमची दाद ओसरण्याचं निम्मं कारण हे असावं.

मंडपवाला

मापाबद्दल वरच्यांशी सहमत. आता वस्तू कोणती, याबद्दल.

आपल्याकडे रस्त्यावरचे जादूगार मांडी घालून, डोक्यावर गाठ असलेल्या छोट्या कपांनी हा खेळ करतात. त्या कपांचं तोंड लहान, लोड येतो मांडीआडून किंवा झोळीतून, आणि कांदा-बटाटा-लिंबू कुठेही स्वस्तात मिळतं. त्यांच्या मांडणीत लिंबू अगदी योग्य आहे. उभ्याने, मोठ्या कपांनी करणाऱ्याने तीच वस्तू डोळे झाकून उचलायचं कारण नाही.

लिंबाचं आणखी एक आहे. उतारा, करणी यांच्याशी त्याचं नातं अजून बऱ्याच जणांच्या मनात पक्कं आहे. अचानक निघालेलं लिंबू हातात घ्यायला काही प्रेक्षक कचरतात, विशेषतः लहान मुलाच्या हातात द्यायचं असेल तर आईच पुढे येते. मी अशा ठिकाणी मोसंबी किंवा संत्रं सुचवेन. जैन कुटुंबाच्या कार्यक्रमात कांदा-बटाटा नको, शाकाहारी घरी अंडं नको. मंडपात गणपतीची छोटी मूर्ती कपाखालून काढायची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका. मूर्ती आधी खिशात राहणार, हे लोकांच्या लक्षात येतंच.

इजिप्तचे गलीगली जादूगार कोंबडीची पिल्लं काढत. ते इथे करू नका. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी जिवंत पिल्लू खिशात गुदमरवणं चूकच.

वस्तू लांबून क्षणात ओळखू यायला हवी. बटाटा आणि चिकू इथे नापास, कारण तपकिरी रंग तांब्याच्या कपाशी आणि लाकडी टेबलाशी मिसळून जातो, मागच्या रांगेला फक्त "काहीतरी गोल" दिसतं. पिवळी मोसंबी, केशरी संत्रं, हिरवा पेरू, लाल सफरचंद लगेच कळतात. टोमॅटो दिसायला उत्तम, पण खिशात फुटतो. कांदा घ्यायचा तर बाहेरची सुटी सालं काढून पुसून घ्या. नाहीतर लोड करताना सालाचा तुकडा टेबलावर पडतो आणि कप उचलायच्या आधीच बातमी फुटते.

तीन वेगळ्या वस्तूंच्या मी विरोधात आहे. प्रत्येक वेळी "हे काय आहे" हे ओळखण्यात प्रेक्षकांचा एक क्षण जातो आणि आश्चर्याला धार राहत नाही. दोन सारख्या, तिसरी वेगळी. पहिल्या दोन कपांखाली मोसंबी, तिसऱ्याखाली कपभर मावणारा लाल रबरी चेंडू. लाल रंग तुमच्या छोट्या चेंडूंचाच, म्हणजे "चेंडू मोठा झाला" ही गोष्ट न बोलता पूर्ण होते.

जाकिटाचा_खिसा

मंडपवाले दादांच्या शेवटच्या मुद्द्यावर एक इशारा. रबरी चेंडू भरीव असेल तर टेबलावर उसळतो, आणि उसळलेला चेंडू पकडायला हात धावला की शेवट हास्यास्पद होतो. स्पंजाच्या गोळ्यावर लाल लोकर विणून घ्या. 6 सेंमीचा गोळा लागतो, छोट्या चेंडूंना वापरलेलीच लोकर घ्या. तो उसळत नाही, गडगडत नाही, आवाज करत नाही. शिवाय खिशात थोडा दबतो.

आवाजावरून आठवलं, सिलिकॉनची फळं चालतील, प्लॅस्टिकची पोकळ नकोत. ती टेबलावर टक् वाजतात आणि सगळ्यांना कळतं. पण खऱ्या फळाला तोड नाही, कारण ते लगेच प्रेक्षकाच्या हातात देता येतं. फक्त साल चिरलेलं फळ घेऊ नका. आंबट रसाने तांब्यावर चकचकीत डाग पडतो. आणि तो कपातला रस कोणाला प्यायला देऊ नका, आतून कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट खाण्यापिण्याचं ठेवत नाहीत.

अमेरिकेचे जादूगार पॉल गर्टनर पोलादी गोळ्यांनी हा प्रयोग करतात, तो पाहून मोह होतो. हिशेब करून बघा : 5 सेंमीचा एक भरीव पोलादी गोळा अर्धा किलोच्या थोडा वरच भरतो. बिनबाह्यांच्या जाकिटाचा खिसा तेवढ्याने खाली ओढला जातो आणि खांदाही एका बाजूला झुकतो.

आता फुगवटा. खिशाच्या तळाशी जाड रुमाल चुरगळून भरा, म्हणजे फळ वर राहील आणि बोटं दोन पेरांपेक्षा खोल जाणार नाहीत. उजव्या खिशात दोन फळं ठेवायची तर मध्ये उभी शिवण घाला, नाहीतर दोन्ही एकदम हाताला येतात. खिशाचं तोंड हातरुंदीपेक्षा 3-4 सेंमी मोठं करून घ्या. जाकिटाची खालची दोन बटणं उघडी ठेवली की फुगवटा कापडाच्या घडीत जिरतो.

हात खिशात जायला कारण लागतं. जादूगार डाय व्हर्नन (1894–1992) यांच्या या खेळाच्या मांडणीचा मोठा गुण हाच, की शेवटच्या भागात छोटा चेंडू वारंवार खिशात ठेवला जातो आणि वारंवार कपाखाली परत सापडतो. हात चेंडू ठेवायला जातो, येताना लोड घेऊन येतो. डावा हात कप उचलून छोटा चेंडू दाखवतो, सगळ्यांची नजर चेंडूवर असते. त्या क्षणी कपाचं तोंड तुमच्या पोटाकडे वळलेलं हवं, उजव्या हातातलं फळ आत सरकतं, करंगळी खालून आधार देते आणि कप पुढे सरकवत टेकवायचा. वरून खाली ठेवलात तर फळ आधी आपटतं. टेबलावर 3-4 मिमी जाडीची मऊ मॅट हवीच. स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही, आतला छोटा चेंडू बाहेर आल्याशिवाय फळ भरायचं नाही. दोन्हींना मिळून जागा नसते.

चौथा_चेंडू

सर्वांचे आभार. कणकेने मोजलं, कमाल माप 5.9 सेंमी आलं. मोसंबी त्या मापाची सहज मिळत नाही, बहुतेक मोठ्याच निघतात. दुसरं म्हणजे, पहिला कप उचलल्यावर मुलं उरलेल्या कपांवर ओरडणारच, त्याचं काय करावं?

मंडपवाला

छोटी मोसंबी न मिळाल्यास हिवाळ्यात लहान संत्रं बघा. साल सैल असते, त्यामुळे दोन-तीन मिमी दबून जातं. इतर दिवसांत गोल, पिकायला आलेला पेरू. तोही नसेल तर चक्क तिन्ही विणलेले गोळे करा, दोन पिवळे, एक लाल.

ओरडण्याचा प्रश्न वेळेचा आहे. पहिलं फळ दिसायच्या आधी तिन्ही कप भरलेले हवेत. एकही उरला असेल तर तो भरायला तुम्हाला वेळ लागणार, आणि तेवढ्यात मुलं ओळखणार. बाजूचा कप आधी उचला, फळ पुढच्या मुलाच्या हातात द्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. ते बोलायच्या आत दुसरा बाजूचा आणि मधला कप दोन हातांनी एकदम उचला, मधल्याखाली लाल. "आता यात काय असेल?" असं विचारू नका, त्या प्रश्नानेच मुलांना उत्तर द्यायची संधी मिळते.

हातचलाखी

एक भर. मंडपात स्टेज प्रेक्षकांच्या छातीपेक्षा उंच असेल तर खालून टेबलाचा पृष्ठभाग दिसतच नाही, मग फळ निघालं काय आणि न निघालं काय. तिथे टेबल स्टेजच्या अगदी कडेला घ्या, टेबलाची पुढची पट्टी काढून टाका आणि प्रत्येक वस्तू उचलून खांद्याच्या उंचीवर धरा. लाल गोळा सर्वांत शेवटी, आणि तो हातात धरलेला असतानाच कप उताणा करून रिकामा दाखवा.