मण्यार सापाचा दंश (बहुतेक), व्हेंटिलेटरवर आहे, प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) फिक्स्ड. अजून किती थांबायचं?

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे, फिजिशियन नाही, तेव्हा काही बेसिक विचारलं तर सांभाळून घ्या. ओळख पटू नये म्हणून वय-गाव मोघम ठेवलंय.

पेशंट विशीतली बाई, भातलावणीचे दिवस, घरात जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात जोरात दुखून उलट्या सुरू झाल्या, घरच्यांना वाटलं पित्त, मग लिंबू-सोडा, मग भगत, आणि आमच्याकडे येईपर्यंत नऊ वाजले. तोवर पापण्या मिटायला लागलेल्या, आवाज नाकातून, थुंकी गिळता येईना. अंगभर शोधलं, चावल्याची खूण नाही, सूज नाही. वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये रक्त व्यवस्थित गोठलं म्हणजे घोणस-फुरसं (ज्यांच्या विषाने रक्त गोठत नाही) बाजूला, नाग असता तर बहुतेक जागेवर सूज-दुखणं काहीतरी दिसलं असतं. साप कोणीच पाहिला नाही, पण रात्र, जमिनीवर झोप, आधी पोटदुखी मग पापण्या, मला तरी मण्यारच वाटतो.

एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) 10 व्हायल तासाभरात, मग अजून 10, एकूण 20. अ‍ॅट्रोपिन 0.6 आणि निओस्टिग्मिन 1.5 मिग्रॅ (स्नायूंची ताकद परत येते का बघायला), रिपीटही केलं, ढिम्म फरक नाही (मण्यार नर्व्हचं टोकच खराब करतो, त्यामुळे फार आशा नव्हतीच). दुपारी श्वास उथळ व्हायला लागला तशी ट्यूब टाकली. कार्डियाक अरेस्ट झालेला नाही, ऑक्सिजन सॅच्युरेशनही कधी फार घसरलं नाही.

आज तिसरा दिवस. हातपाय शून्य, रिफ्लेक्स नाहीत, डोळे हलत नाहीत, प्युपिल मोठे आणि टॉर्चला रिअ‍ॅक्शन नाही. बीपी 160/100 च्या आसपास. पोटॅशियम 3.1 होतं ते करेक्ट करतोय, सोडियम-शुगर ठीक. सिडेशन (गुंगीचं औषध) काहीच चालू नाही. काल व्हिजिटला आलेल्या एका सीनियरनी टॉर्च मारली आणि नातेवाइकांच्या समोरच "ब्रेन गेलाय" म्हणून मोकळे झाले, आता घरचे म्हणतात नळी काढा, आम्ही नेतो.

पण नळीतून सक्शन (कफ ओढून काढताना) करताना पल्स 90 वरून 130 ला जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या मते ती आत पूर्ण जागी आहे, सगळं ऐकतेय, फक्त पापणीसुद्धा हलवता येत नाही. म्हणून बेडजवळ कुणी काही बोलायचं नाही असं सिस्टरना बजावलंय.

विचारायचं असं की, मण्यारमध्ये प्युपिल फिक्स्ड होऊन नंतर पेशंट बरा झालेला कुणी स्वतः पाहिलाय का, आणि हालचाल यायला किती दिवस लागले, आधी काय हललं? नातेवाइकांना सांगायला मला ठोस काहीतरी हवंय, "थांबा" म्हणून ते थांबणार नाहीत. दुसरं, ती जागी असेल तर मिडाझोलाम (गुंगीचं औषध) थोडं द्यावं असं वाटतं, नाहीतर हे भयंकर आहे, पण दिलं की उद्या एक्झामिनेशनचा भरवसा राहत नाही, तुम्ही काय करता? एएसव्ही अजून देण्यात अर्थ नाही असं मी धरून चाललोय, रक्तातलं विष बांधण्यापुरतंच ते, चूक असेल तर सांगा. ट्रेकीओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी टाकण्याचा) विचार कधी करायचा तेही सांगा.

जिल्ह्याला हलवायचं तर 108 मिळेल पण मध्ये घाट आहे, आणि इथला व्हेंटिलेटर नीट चालतोय, त्यामुळे हात आखडतोय. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि ईईजीची (मेंदूचा विद्युत आलेख) सोय इथे नाही, ते धरून उत्तर द्या. रात्री ड्युटीवरच आहे, कधीही लिहा.