कवडी पाट की भिगवण? सोबत आई आणि भाचा आहेत

हडपसरी:
नमस्कार मंडळी. जानेवारीत भाचा येतोय, पाचवीत आहे, डोक्यात सध्या पक्ष्यांशिवाय काही नाही, वाढदिवसाला दुर्बीण मिळाल्यापासून गच्चीवरची कबुतरंसुद्धा वहीत लिहून ठेवतो. आई पण येणार, गुडघे दुखतात त्यामुळे फार चालणं नको. कवडी पाट (सोलापूर रोडजवळचा मुळा-मुठेवरचा बंधारा) आम्हाला जवळ, पण बायको ऑफिसच्या ग्रुपसोबत जाऊन आली आणि म्हणते वास, पांढरा फेस, बंधाऱ्याला अडकलेल्या पिशव्या, पोराला तिकडे नेऊ नका, सरळ भिगवणला जा, तिथलं पाणी स्वच्छ आहे आणि फ्लेमिंगो पण दिसतील. माझं म्हणणं, पाणी खरंच एवढं वाईट असेल तर पक्षी येतातच कशाला? येतायत म्हणजे बरंच असणार ना? तर कुठे जावं, किती वाजता, आणि काठावर साप-बिप असतात का (हा आईचा प्रश्न).

झणझणीत:
भिगवण. विषय संपला. येताना चिलापी मासा खाऊन या.

नदीकाठी:
वहिनींना एवढंच विचारा की भिगवणचं पाणी येतं कुठून. कवडी पाटावरून जी मुळा-मुठा पुढे जाते ती रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा दौंडवरून खाली उजनी धरणात, आणि भिगवण म्हणजे उजनीचंच बॅकवॉटर. आपण पुणेकर जे सोडतो तेच तिथे पोचतं, फक्त वाटेत पातळ होतं, गाळ खाली बसतो आणि पसारा एवढा मोठा की डोळ्याला निळं दिसतं. स्वच्छ वगैरे काही नाही.

आता पक्षी येतात म्हणजे पाणी बरं, हे पण खरं नाही. सांडपाण्यामुळे गाळात अन्न भरपूर असतं, त्यात लाल अळ्या होतात, डासासारखी दिसणारी पण न चावणारी माशी असते ना तिच्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्ये पण तग धरतात. शेकाटे, तुतवार, धोबी यांची चंगळ. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी, कडेला कंगव्यासारखे दाते, पाणी गाळून बारीकसारीक जीव खातो, त्याला गढूळ पाण्याचं काय. त्यात बंधाऱ्यामुळे पाणी काही ठिकाणी घोटाभर, मध्ये दगड, उथळ पाण्यातल्या पक्ष्यांना अजून काय पाहिजे. म्हणजे गर्दी आहे ती चालवून घेणाऱ्यांची. ज्यांना वाहतं, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं ते मासे आणि किडे कधीच गेलेत, आणि जे गेले त्यांची नोंद आपल्या वहीत होतच नाही कारण आपण दिसलेलं लिहितो.

तरी मी कवडीलाच जा म्हणेन. पहिल्यांदा बघणाऱ्या पोराला पक्षी जवळून दिसायला पाहिजे आणि इथे ते दिसतात. चक्रवाक तर साध्या डोळ्यांनी, भगव्या रंगाचं मोठं बदक, आवाज मोठा, ओळखायला सोपं. लडाख-तिबेटकडे घरटी करतात आणि थंडीत इकडे. चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते ती गोष्ट आईंना माहीत असेल, तिथे उभं राहून नातवाला सांगायला लावा. सूर्य उगवायच्या थोडं आधी पोचा, नऊनंतर मजा जाते. सोलापूर रोडला जुन्या टोलनाक्यापासून डावीकडे आत वळा, गाडी बरीच जवळ जाते. आईंसाठी घडीची खुर्ची ठेवा. पोराला पाण्यात हात घालू देऊ नका, एवढं मात्र कडक पाळा.

भीमाकाठची:
आम्ही इंदापूर तालुक्यातले, आजोबांचं रान धरणात गेलंय, त्यामुळे उजनीचं कौतुक ऐकलं की घरात वेगवेगळे चेहरे होतात. १९८० ला धरण झालं. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा अख्खं गाव बघायला जातं.

असो, तुमचा मुद्दा. फ्लेमिंगोचं गणित पाण्याच्या पातळीवर. पाऊस चांगला झाला असेल तर जानेवारीत धरण तुडुंब, मग त्यांना उभं राहायला उथळ चिखल कुठे मिळणार, अशा वर्षी फेब्रुवारी-मार्च बरा. निघायच्या आधी कुंभारगावच्या एखाद्या नाववाल्याला फोन करा, ही मासेमारी करणारी घरं आहेत, कुठला थवा कुठे बसलाय हे त्यांना रोजचं ठाऊक. नावेत चढता-उतरताना गुडघ्यांना त्रास होतो हे पण धरून चाला, काठ निसरडा असतो.

आणि एक विनंती, फ्लेमिंगो उडवून दाखवा असं म्हणू नका. काही नाववाले फोटोवाल्यांसाठी थव्यात नाव घालतात कारण गिऱ्हाईकच तसं सांगतं. ते डोकं खाली घालून खात असतात ते बघण्यातच मजा आहे, चोच उलटी करून गाळतात. कुरव पक्ष्यांना (सीगल) शेव-फरसाण टाकू नका.

@नदीकाठी, पातळ होतं म्हणालात ते तुमच्या बाजूने. इकडे उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं आणि तेच आम्ही वापरतो.

नदीकाठी:
@भीमाकाठची मान्य. पातळ म्हणजे बरं असं म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसंच वाटतंय.

चष्मिष:
सापाचं राहिलं. दिवड दिसू शकते, पाण्यातलीच, बिनविषारी पण चिडकी, पकडायला गेलात तर चावते. न पकडल्यास काही नाही. गवतात पाय घालण्याआधी काठी आपटा, बूट घाला, चपला नकोत. मुंगूस दिसायची शक्यता सापापेक्षा जास्त. भाच्याला राखी बगळा आणि जांभळा बगळा यातला फरक आधी चित्रात दाखवून ठेवा, आणि कवड्या खंड्या, काळा-पांढरा, एका जागी हवेत पंख फडफडवत थांबतो आणि सूर मारतो, मुलं वेडी होतात.

हडपसरी:
धन्यवाद सगळ्यांना. बायकोला रांजणगाव सांडसचं वाचून दाखवलं, ती आता म्हणते मग दोन्हीकडे नको, सिंहगडला जा. ठरलंय मात्र कवडीचं, भिगवण मार्चमध्ये पाणी बघून. खुर्ची आहे. बाईकवर तिघं जमणार नाही, गाडी भावाकडे असते, बस आहे का?

झणझणीत:
हडपसरहून लोणी, उरुळी कांचनकडे जाणाऱ्या पीएमपीएमएल आहेत, पण मेन रोडला उतरून आत चालावं लागतं. गुडघ्यांचं बघता रिक्षा करा आणि त्याला थांबवून ठेवा. आणि चिलापीचं मार्चमध्ये विसरू नका.