भाडं वेळेवर, पण बाकी घराला ताप: अशा भाडेकरूला बाहेर कसं काढायचं?

प्रश्न
चार खोल्या चौघांना वेगवेगळ्या करारांवर दिल्या आहेत. स्वयंपाकघर, न्हाणीघर सामायिक. एक जण रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लावतो, त्याचे पाहुणे आठवडाभर मुक्काम ठोकतात, फ्रिजमधल्या दुसऱ्यांच्या वस्तू गायब होतात. दोघं जण खोली सोडायच्या गोष्टी करताहेत. कुलूप बदललं तर चालेल का?

प्रतिसाद १
अजिबात नको. कुलूप बदललंत, वीज-पाणी तोडलंत किंवा सामान बाहेर काढलंत की तक्रारदार तो आणि उत्तरं देणारे तुम्ही. आधी करार वाचा. शांततेची वेळ आणि पाहुण्यांची मर्यादा त्यात लिहिली आहे का? नसेल तर ‘नियम मोडला’ असं म्हणता येत नाही, ‘इतरांना उपद्रव’ दाखवावा लागतो आणि त्याला पुरावा जास्त लागतो.

म्हणून आजपासून नोंदी ठेवा. ‘नेहमी दंगा करतो’ ही नोंद कुचकामी. ‘१२ तारीख, रात्री १.२० ते २.१०, गाणी, शेजारच्या दोन्ही खोल्यांत ऐकू आली’ ही कामाची. बाकीच्यांच्या तक्रारी मेसेजवर घ्या, तोंडी नकोत.

प्रतिसाद २
मग लेखी समज: कराराचं कलम, तारखांसह घटना, काय थांबायला हवं आणि किती दिवसांत. पोच घ्या. तक्रार कोणी केली ते लिहू नका, नाहीतर स्वयंपाकघरात नवी भांडणं. मुदत उलटल्यावरच करार संपवण्याची नोटीस. तिची मुदत करार आणि स्थानिक कायदा यांवर ठरते, त्यामुळे मसुदा वकिलाला दाखवा. नोटिशीनंतर भाडं घ्यायचं का, हेही तेव्हाच विचारा. काही ठिकाणी भाडं घेतलं की नोटीस मागे घेतली असा अर्थ निघतो.

प्रतिसाद ३
फ्रिजचा प्रश्न नोटिशीचा नाहीच. प्रत्येकाला एक कप्पा, कप्प्यावर खोलीचा नंबर. चोराचं नाव नोटिशीत घालू नका, ते सिद्ध करता येणार नाही. कॅमेरा लावलाच तर फक्त मुख्य दाराशी, तोही सगळ्यांना सांगून. मारहाण किंवा धमकी झाली तर मात्र समज देत बसू नका, थेट पोलीस.

प्रश्नकर्ता
आणि तो आपणहून जायला तयार झाला तर?

प्रतिसाद १
सर्वांत स्वस्त मार्ग तोच. तारीख, अनामत किती परत आणि मीटरचं रीडिंग एका कागदावर, दोघांच्या सह्या. खोलीचे फोटो काढा, सगळ्या चाव्या हातात आल्या की पैसे द्या. कापायचं असेल तर दुरुस्तीचं बिल जोडा. फिकट झालेला रंग ही वापराची झीज, तिचे पैसे कापू नका.