'पोर्नोग्राफी'ला मराठीत काय म्हणायचं?

टंकलेखिका: एका स्त्रीगटाच्या पुस्तिकेसाठी लेख मराठीत करतेय. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन या अमेरिकन स्त्रीवाद्यांनी १९८३ला तिथल्या मिनिआपोलिस शहरासाठी पोर्नोग्राफीविरोधी कायद्याचा मसुदा केला होता, त्याबद्दल. त्यांचं म्हणणं असं की अश्लील आहे की नाही हा प्रश्नच नाही, बाईला हीन करून दाखवतात आणि जिला इजा झाली तिला भरपाईचा दावा लावता यावा. संपादकताईंनी सगळीकडे 'अश्लील साहित्य' केलंय. आता वाक्य झालंय, 'अश्लील साहित्य अश्लील आहे म्हणून त्यांचा विरोध नव्हता'. प्लीज शब्द सुचवा.

पार्लेकर: अश्लीलच बरोबर. मूळ अश्रील, ज्यात श्री नाही ते. काव्यशास्त्रात त्याचे तीन प्रकार सांगितलेत, व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल. इतका भरलेला शब्द असताना पोर्न कशाला?

टंकलेखिका: लाज, किळस, अशुभ, तिन्ही वाचणाऱ्याला काय वाटलं त्याचेच ना? चित्रातल्या बाईचं काय झालं ते एकातही नाही.

रातराणी: अगदी. आमच्या ऑफिसातल्या एकीचा व्हिडिओ तिला न विचारता व्हॉट्सॅपवर फिरला आणि सगळे म्हणायला लागले 'तिची अश्लील क्लिप'. ज्याने पसरवली त्याचं नावच नाही कुठे, सगळी घाण तिच्या अंगावर.

चाळकरी: आमच्या लालबागला कोणी अश्लील साहित्य म्हणत नव्हतं, पिवळी पुस्तकं म्हणायचे आणि व्हिडिओ आल्यावर बीपी, म्हणजे ब्लू पिक्चर. तेच घ्या, सगळ्यांना कळतं.

गिरगावकर: कायद्यावरच्या लेखात बीपी? आणि 'अश्लील' म्हणून आपल्याकडे कोणाला धरलं ते बघा. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक प्रश्नांवर आणि संततिनियमनावर लिहायचे तर त्यांच्यावर खटले, १९३४च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले १९६९ला, तेही सुप्रीम कोर्टात. मिनिआपोलिसला महापौरांनीच नकार दिला आणि तसाच इंडियानापोलिसचा कायदा कोर्टाने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला म्हणून रद्द केला, ते योग्यच झालं. बंदीचं हत्यार एकदा सरकारच्या हातात गेलं की बायकांनी शरीराबद्दल लिहिलेलंच आधी जप्त होतं.

रातराणी: मग त्या क्लिपवालीने काय करायचं? स्वातंत्र्य फक्त पसरवणाऱ्यालाच का?

गिरगावकर: त्याला संमती नसल्याचा गुन्हा लावा ना, अश्लीलतेचा नको.

पार्लेकर: 'स्त्री-अवमानचित्रण' करा मग.

टंकलेखिका: नको, बंदीच्या विरोधात उभ्या राहिलेल्याही स्त्रीवादीच होत्या आणि लेखात त्यांचीही बाजू आहे. सगळ्या पोर्नमध्ये अवमान असतो हेच त्यांना मान्य नाही, नावातच निकाल लावला तर त्यांनी बोलायचं कशावर? 'पोर्नोग्राफी'च ठेवते बहुतेक.

पार्लेकर: ग्रीक 'पोर्ने' म्हणजे वेश्या. तोही शब्द बाईवरच येतो.

चाळकरी: पिवळी का म्हणतात माहितीये का, पिवळ्या जिलेटीन कागदात गुंडाळलेली यायची.

गिरगावकर: छे, 'पिवळी पत्रकारिता' वरून आलंय ते.

चाळकरी: अहो मी फुटपाथवर बघितलीयेत!