चौथीपर्यंत गुण नकोत : नव्या शाळेसाठी ठरवायचंय, मतं द्या

काडीगठ्ठा
आमची शाळा नवी आहे, जूनपासून चौथीचा पहिलाच वर्ग भरेल. प्रगतिपत्रक कसं असावं यावर बैठका चालू आहेत. माझा आग्रह : चौथीपर्यंत गुण नकोत, श्रेणीही नको, फक्त नोंदी.

कारण सांगते. तिसरीतल्या एकाने ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं, शेजारच्याने २६. दोघांनाही फुली, दोघांनाही शून्य. पण २६वाला मोजताना एका अंकाने चुकला, परत बघितलं की त्याचं त्यालाच सापडतं. ३५वाला मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता, मग तो वर असो की खाली. दशक सुटा करणं त्याला कळलंच नव्हतं. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या. थोड्या वेळाने म्हणाला, “बाई, दोनातून सात कसे देऊ? गठ्ठा सोडावा लागेल.” शून्यात हे कुठे दिसतं?

सातवीची आई
ताई, गणिताचं पटलं. नोंदींचं नाही पटत. माझ्या लेकीच्या पत्रकावर चौथीपर्यंत ‘वाचनात रुची घेते’ असंच यायचं. पाचवीत कळलं की जोडाक्षरं आली की ती अडते, ओळ सोडून पुढे जाते. आम्ही दोघं दिवसभर दुकानात. पन्नासात अठरा दिसले असते तर त्याच दिवशी शाळेत आले असते. आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा. नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचा पेपरही पाचवीतच. तोवर पेपरच न पाहिलेलं मूल तिथे काय करणार?

निवृत्त गुरुजी
२०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी जिल्हा परिषद शाळेत होतो. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय... कल्पना उत्तमच होती. पण चार वर्ग, दोन शिक्षक. एप्रिलमध्ये तयार नोंदींची पुस्तिका पुढ्यात घेऊन आम्ही रात्री वह्या भरल्या. मीही भरल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. ‘रुची घेते’ हे वाक्य त्याच पुस्तिकांतलं. वर्गात पस्तीस मुलं आणि एकच बाई असतील तर गुण ठेवा. तो आकडा निदान त्या मुलाच्या कागदावरून तरी येतो.

पाटीवाला
गुण काढले तरी हुशार कोण, ढ कोण हे वर्गाला ठाऊक असतंच. पहिल्या बाकावर कुणाला बसवतात ते मुलं बघतात.

काडीगठ्ठा
गुरुजी, तुमचं मनाला लागलं. वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. रोज पाच जणांचीच नोंद ठेवली तर दर सहा दिवसांनी प्रत्येकाची पाळी येते. ‘रुची’, ‘प्रयत्न करतो’ हे शब्द बादच. काय केलं, कुठे अडलं, पुढे काय घेणार, एवढंच लिहायचं. पाटीवाले, बाकांची जागा दर सोमवारी बदलतो, पण ढ हा शब्द मुलांच्या तोंडून अजून गेलेला नाही, हे खरं. आणि ताई, चौथीच्या दुसऱ्या सत्रात वेळ लावून लेखी पेपर घेऊ, उत्तरपत्रिका घरी पाठवू. चुकीपुढे शेरा असेल, बेरीज नसेल.

सातवीची आई
धाकटा तुमच्यासारख्या शाळेत असता तर पेपर घरी आल्यावर बरोबर किती ते मी मोजलंच असतं. शेरा वाचला असता, नाही असं नाही. पण आधी मोजलं असतं.